धोंडूमामा विरक्त नव्हता, आजारी होता

माझा मामा धोंडू रामा याच्यावर अन्याय झाला तो २६ जानेवारी १९८१ रोजी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, झेंडावंदन उरकल्यावर. जागा : कर्जत-खोपोली रस्त्यालगतच्या एका वृद्धाश्रमाचं अंगण. त्याला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, शिवी दिली नाही. त्याचा सत्कार केला. खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, 'आदर्श आश्रमवासी' म्हणून छापील मानपत्र वाचून दाखवलं. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मानपत्र मी लिहिलं होतं. ते छापायचे शिशाचे खिळेही मीच जुळवले होते.

आश्रमाचं नाव लिहीत नाही. घाबरते म्हणून नव्हे. एकाचं नाव घेतलं की बाकीचे हात झटकून मोकळे होतात, म्हणून.

मी खोपोलीच्या एका छापखान्यात कंपोझिटर आहे. दिवसा लग्नपत्रिका जुळवते आणि सुटी झाल्यावर आमच्या युवक मंडळाची पत्रकं. हुंडा, दारू, कारखान्याचं सांडपाणी, सगळ्यावर मी लिहिलंय. पत्रक लिहिणाऱ्याला एक वाईट सवय लागते. माणूस दिसला की त्याचं आधी वाक्य करायचं. मी माझ्या मामाचं वाक्य केलं. तो समोर बसून संपत चालला होता आणि मी विशेषणं शोधत होते.

मामा

मामाने जन्मभर माथेरानला हातरिक्षा ओढली. स्टेशनापासून हॉटेलांपर्यंत, लाल मातीतून, पुढे एक गडी, मागे दोन. मामा पुढचा. बडबड्या माणूस. रिक्षात बसलेल्या शेठाणीला तो चढावर सांगायचा, "बाई, तुमी जरा श्वास रोखून धरा, वजन कमी होतं." बाई खरंच धरायच्या! चढ संपला की सगळे हसायचे, बाईसुद्धा. सुटीत मी वर गेले की हा किस्सा तो मला दहादा ऐकवायचा, दरवेळी बाई आणखी जाड.

मामी गेली. मूलबाळ नव्हतं. गुडघे गेले तेव्हा रिक्षाही गेली आणि हॉटेलवाल्याने राहायला दिलेली मागची खोलीही. आमचं घर म्हणजे खोपोलीच्या चाळीतली एक खोली. त्यात आई, दादा, वहिनी, त्यांची दोन पोरं आणि मी. आईने सहा महिने मामाला दाराजवळ झोपवलं. मग वहिनीला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि मामा स्वतःच म्हणाला, "आक्का, मला कुठंतरी टाक. दारात झोपणारं कुत्रं पण पाय पसरतं."

आश्रमात त्याच्या शेजारची खाट हसनचाचांची. हे नेरळचे शिंपी, उमर गेली मशीनवर. मुलगा आखातात. दर महिन्याला पैसे यायचे, पत्र यायचं नाही. चाचा सगळ्या आश्रमाची बटणं लावायचे, काजं करायचे, बायकांच्या पोलक्यांना बाह्या जोडायचे, आणि हे करताना तोंड चालूच. मामाची आणि त्यांची जोडी जमली. दोघांत मिळून एक तंबाखू, एक वर्तमानपत्र आणि आश्रमाच्या कार्यवाहांची रोजची एक नक्कल.

पावसाळा संपला आणि मामाने हळूहळू एकेक सोडायला सुरुवात केली.

आधी तंबाखू. चंची चाचांना देऊन टाकली. मग छत्री दिली माळ्याला. मग काठी. मग चष्मा, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला. मी विचारलं, "मामा, चष्मा का दिलास रे?" तो म्हणाला, "बघायचं काय ऱ्हायलंय?" मला ते वाक्य इतकं आवडलं की मी वहीत लिहून घेतलं.

मग रात्रीचं जेवण सोडलं. मग बोलणं. पहाटे तीनला उठून भिंतीला टेकून बसायचा, उजाडेपर्यंत. कार्यवाह भाऊसाहेब रिटायर्ड शिक्षक, मनाने वाईट माणूस नव्हे. ते पहाटे पूजेला उठायचे, त्यांना हा बसलेला दिसायचा. डोळे मिटलेले, मांडी घातलेली, हालचाल नाही. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने जोडले. आश्रमात बोलबाला झाला, धोंडूला वैराग्य आलं. रिक्षावाला धोंडू आता 'धोंडूबाबा' झाला. स्वयंपाकाच्या बायका त्याच्या पायाला हात लावून कामाला लागायच्या.

आपल्याकडची ही खास चूक आहे, आणि ती आपणच करू शकतो. तरुण माणूस जेवेनासा झाला तर आपण वैद्याकडे नेतो. म्हातारा जेवेनासा झाला तर आपण त्याच्या पाया पडतो.

सत्काराचा दिवस

भाऊसाहेबांनी मला मानपत्र लिहायला सांगितलं. मला अभिमान वाटला. आमच्यासारख्या घरातल्या माणसाचा सत्कार! मी दोन संध्याकाळी खपून लिहिलं. त्यातला मुद्द्याचा भाग असा होता :

"आपण सायंभोजनाचा त्याग केलात. आपल्याजवळची प्रत्येक वस्तू सहनिवाशांना वाटून टाकलीत. आपण अखंड मौन धारण केले आहे. आपण पहाटे तीन वाजता जागृत असता. आपणास कशाची इच्छा नाही, कोणाविषयी तक्रार नाही, उद्याची चिंता नाही."

वाचत असताना मामा खुर्चीत बसला होता. शाल घसरली, त्याने सावरली नाही. नारळ मांडीवरून घरंगळत जमिनीवर गेला, त्याने पाहिलंही नाही. लोक म्हणाले, बघा, मानाचा पण मोह नाही.

कार्यक्रमानंतर हसनचाचांनी मला कोपऱ्यात गाठलं. "काय लिवलंयस गं पोरी! माझा पण सत्कार कर की एक. रोज दोघांचं जेवतो मी. त्याची भाकरी कोण खातंय मग?"

मी हसले.

चाचा हसले नाहीत. "साधू मी पण बघितलेत. साधू माणूस हसतो गं. तुझा मामा हसत नाय. आठ दिवस मी भाऊसाहेबांची नक्कल करतोय, हा बघत पण नाय."

मी म्हणाले, "चाचा, तुम्हाला नाही कळायचं ते. आमच्यात असं असतं."

हे वाक्य मी इथे लिहून ठेवते. कोणी विचारलं, मी या आश्रमांच्या मागे का लागले, तर हे एक वाक्य पुरे आहे.

पोस्टकार्ड

मार्चमध्ये छापखान्याच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. चाचांचं अक्षर शिंप्याच्या खडूने कापडावर रेघ मारावी तसं, मोठं आणि तिरपं. चार ओळी : "धोंडूने परवापासून पाणी सोडलं. लोक पाया पडायला येतात. तू ये. नारळ आणू नको."

मी आणि आई पहिल्या एस.टी.ने गेलो. आश्रमाच्या फाटकापासून आत रांग लागली होती. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका, हातात फुलं, उदबत्त्या. खाट बाहेर पडवीत आणलेली. मामाच्या छातीवर झेंडूचा हार. ओठ फुटून त्यांवर रक्ताच्या काळ्या खपल्या. हाराखाली छाती हलते की नाही ते बघायला मला वाकावं लागलं.

"अडवू नकोस," भाऊसाहेब माझ्या मागे येऊन हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "अन्नपाणी सोडून देह ठेवणं ज्याच्या त्याच्या नशिबी नसतं बाळ. आम्ही विचारलं त्याला, धोंडूबा, काही हवंय का? मान हलवली. नको."

मी त्याच्या कानाशी गेले. "मामा, मी सुमी. पाणी पी ना रे."

मग अगदी पुसट, "कशाला?"

"माझ्यासाठी."

"मी कोणाला लागतो गं सुमे?" मग थांबून, "डोक्यात धोंडा बसलाय. हलत नाय. सगळ्यांचा खर्च वाचंल."

वैराग्य आलेला माणूस असं बोलतो का? सांगा मला. ज्याला संसार सुटला तो 'मी कोणाला लागतो' असं विचारतो? ते ऐकलं आणि माझ्या मानपत्रातलं एक एक वाक्य माझ्याच अंगावर यायला लागलं.

आईने पदर भिजवून त्याच्या ओठांवर पिळला. रांगेतली एक बाई ओरडली, "अगं काय करतेस! त्याचं व्रत मोडतंय!"

दुसरी म्हणाली, "पाप लागंल गं तुमाला!"

"लागू दे!" आई म्हणाली. आईला मी इतक्या मोठ्याने बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. "माझा भाव हाय त्यो. तुमचा देव नाय."

हसनचाचा पलीकडून आले. "बोलत काय बसलात? उचला. मी पाय धरतो." त्यांना हृदयाचा त्रास, तरी त्यांनी पाय धरले. फाटकाबाहेर विटांचा रिकामा टेंपो उभा होता, त्यात मामाला घातलं. टेंपोवाला कुरकुरला, "मेला तर माझ्या गळ्यात येईल." चाचा त्याला म्हणाले, "मेला तर त्याची हजामत मी करतो, तुझी पण करतो. चल!"

मामा त्या टेंपोत इतका हलका होता की खड्डा आला की आईच्या मांडीवरून उडायचा.

नाव कळलं तो दिवस

तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं. तिथल्या तरुण डॉक्टरने छाती, पोट, सगळं तपासलं आणि चिठ्ठी लिहून दिली, मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात, मनोविकार विभागात. निरोप मिळून कारखान्यातून आलेला दादा चिठ्ठीवरचं ते नाव वाचून पायरीवर बसला.

"वेड्यांचा वॉर्ड," तो म्हणाला. "तुझं लग्न व्हायचंय सुमे. लोक काय म्हणतील, यांच्या घरात वेड आहे."

"म्हणू देत."

"तुला काय होतंय म्हणू देत म्हणायला? पत्रकं वाटायची सवय झालीय. आईकडे बघ."

आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघायचंय? त्याला घरातून बाहेर मी काढलं. आता गाडीत मी घालणार."

मुंबईला डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली. झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी काय आवडायचं. मामा उत्तर देत नव्हता. आई देत होती आणि तिचं एकच चाललं होतं, "तसा नाय ओ बाई तो. देवमाणूस हाय. कोणाच्या अध्यात ना मध्यात." तिला वाटलं, बाईंना खरं वाटत नाहीये. म्हणून तिने पिशवीतून घडी केलेलं मानपत्र काढून पुढे ठेवलं. "हे बघा. सत्कार केलाय त्याचा. छापलंय."

बाईंनी वाचलं. मग पेन घेतलं आणि पुन्हा वाचलं. 'सायंभोजनाचा त्याग', बाजूला एक खूण. 'वाटून टाकलीत', खूण. 'अखंड मौन', खूण. 'पहाटे तीन', खूण. 'कशाची इच्छा नाही' या शब्दांखाली त्यांनी दोनदा रेघ मारली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"निरीक्षण चांगलं आहे तुमचं. आमचे विद्यार्थी इतकं नीट लिहून आणत नाहीत." त्या माझ्यावर रागावल्या नव्हत्या, त्याचंच जास्त लागलं. "सगळी लक्षणं आहेत यात. फक्त हे वाचून टाळ्या वाजवल्या. त्याऐवजी गाडी बोलवायला हवी होती. जानेवारीत."

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. डिप्रेशन. आई म्हणाली, "म्हंजे उदास? बाई, उदास कोण नाय?"

"ताप सगळ्यांना येतो आजी. टायफॉइड सगळ्यांना नसतो. यांना टायफॉइड झालाय, मनाचा. औषध आहे त्याला."

"म्हाताऱ्याला बी?"

"म्हाताऱ्याला पण. म्हातारपण हा आजार नाही, त्यामुळे आजाराचं खापर त्याच्यावर फोडू नका."

मला आजवर वाटायचं, अन्याय करणारा माणूस ओळखू येतो. मोटारीतून उतरतो, सोन्याचं घड्याळ असतं. त्या दिवशी इस्पितळाच्या संडासातल्या आरशात बघितलं. अन्याय करणाऱ्याच्या हाताला छापखान्याची शाई होती.

वॉर्ड

सात आठवडे. पुरुषांचा वॉर्ड, त्यामुळे आईला आणि मला फक्त भेटीच्या वेळेत आत सोडायचे. सोबतीला राहिला कोण? दादा. वेड्यांच्या वॉर्डाला घाबरणारा दादा. कारखान्यातून रजा काढली, ती संपली तर बिनपगारी घेतली. खाटेखाली वर्तमानपत्र पसरून झोपायचा. सकाळी मामाचं तोंड धुवायचा, दाढी करायचा, गोळ्या जिभेखालून बाहेर तर टाकत नाही ना ते बोट घालून बघायचा. मी त्याला मनात भित्रा म्हणाले होते. ते परत घेते, छापून घेते.

नुसत्या गोळ्यांचा गुण येईपर्यंत वाट बघायला वेळ नव्हता. मामा खातच नव्हता. विजेचे झटके द्यावे लागतील, बाई म्हणाल्या. ते ऐकून आमची काय अवस्था झाली ते विचारू नका. आम्ही सिनेमात पाहिलेलं सगळं डोळ्यांसमोर आलं. बाईंनी नीट समजावून सांगितलं, झोपेचं इंजेक्शन देतात, माणसाला कळत नाही. दादाने सही केली. सही करताना त्याने स्वतःचं आडनाव अर्धंच लिहिलं.

खोटं लिहिणार नाही. झटक्यांनंतर दोन दिवस मामाला मामीचं नाव आठवलं नाही. आई सांगायची, "अरे, सरू." तो तिच्याकडे बघायचा आणि रडायचा. नाव आठवत नाही म्हणून रडतो की आठवलं म्हणून, आम्हाला कळायचं नाही. आई बाहेर येऊन मला म्हणाली, "आपण याला जगवतोय की छळतोय गं?" पत्रकात असा प्रश्न कधी येत नाही. पत्रकात उत्तर असतंच.

समोरच्या खाटेवरचा एक गृहस्थ रोज खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याचं कोणीच यायचं नाही. एक दिवस खाट रिकामी दिसली. दादाने विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी दादा मामाला डाळ-भात भरवत होता. मामाने घास गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ नाय डाळीत."

दादा म्हणाला, "काय म्हणालास?"

"मीठ नाय म्हनतोय. आंधळं हाय का आचारी?"

दादा ताट तिथेच ठेवून वॉर्डाच्या बाहेर धावत आला आणि आम्हाला म्हणाला, "आई, मामा तक्रार करतोय!" बाकावरची माणसं बघायला लागली, या लोकांना इतका आनंद कसला झालाय.

आश्रमातले प्रश्न

मामाला आम्ही परत आश्रमात पाठवलं नाही. पुन्हा दारातली जागा, पुन्हा तीच ओढाताण. वहिनी तोंडावर म्हणाली, "मी करते, पण मला देवी समजू नका, मी चिडणार." मला ते फार बरं वाटलं. ज्या घरात चिडता येतं तिथे आजारी माणसाला बोलता येतं.

इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी मला अकरा साधे प्रश्न लिहून दिले होते. "आश्रमातल्या प्रत्येकाला विचारा," त्या म्हणाल्या. "आजारी दिसतो त्याला नाही. प्रत्येकाला. दर दोन महिन्यांनी." मी ते जुळवून छापले आणि भाऊसाहेबांपुढे ठेवले.

मामाच्या बाबतीत ते मनातून हलले होते, पण आश्रमाचं कार्यकारी मंडळ हललं नव्हतं. "डॉक्टर दर गुरुवारी येतात की," ते म्हणाले. गुरुवारची ती तपासणी मी पाहिलेली होती. सगळे बाकावर ओळीने, शेजारी कार्यवाह उभे, आणि डॉक्टर चालता चालता विचारणार, "काय, बरं ना?" "बरा हाय साहेब." "बरी हाय." वहीत, ठीक, ठीक, ठीक. ज्याचं अन्न खातो त्याच्यासमोर बरा नाय असं कोण म्हणेल? आमच्या भागात पाहुणा जेवायला दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा विचारलं तर पाटावर बसतो. पहिलं उत्तर हे मुळी उत्तरच नसतं, ती रीत असते. आणि आपण त्या रितीवर माणसं सोडून देतो.

मंडळाच्या बैठकीत एक सभासद म्हणाले, "सगळ्यांना असले प्रश्न विचारले तर बाहेर बोभाटा होईल की इथे वेडे ठेवतात. जे उदास दिसतात त्यांनाच विचारा."

मी भांडले. तासभर भांडले. मग म्हटलं, नाहीपेक्षा बरं. आणि मान्य केलं.

हा माझा दुसरा गुन्हा, आणि याला तरी अज्ञानाचं कारण नाही. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं होतं, प्रत्येकाला.

आम्ही मिळून 'उदास दिसणाऱ्यांची' यादी केली. पाच नावं. एकेकाला विहिरीजवळच्या झाडाखाली वेगळं बसवून, तीन-तीनदा विचारलं. त्यांतली ठमाबाई म्हणून एक होती. दोनदा 'बरी हाय' म्हणाली, आणि तिसऱ्यांदा माझा हात धरून म्हणाली, "रोज सकाळी डोळा उघडला की वाटतं, अजून हायेच का मी?" तिला आणि आणखी एकाला औषध सुरू झालं. ठमाबाई आता शेंगा सोलत भांडते.

हे सगळं चाललं असताना हसनचाचा तिथेच बाकावर बसून बटणं लावत होते. यादी करायलाही त्यांनीच मदत केली. "त्याला विचार, तो संध्याकाळी भिंतीशी बोलतो." मी निघताना गमतीने म्हणाले, "चाचा, तुम्हाला विचारू का?"

"मला काय विचारतेस? मी तर सगळ्यांना हसवतो." दोरा दाताने तोडून म्हणाले, "शिंप्याचं एक बरं असतं बघ. कफनाला शिलाई नसते. त्यामुळे शिंपी मेला तर कोणाचं काम अडत नाय."

आम्ही सगळे हसलो. भाऊसाहेबसुद्धा. मीही. तिथून उठून एस.टी. पकडली.

चाचा गेले श्रावण संपता संपता, झोपेत, हृदय बंद पडून. वय झालं होतं, सगळे म्हणाले. सामान आवरताना त्यांचा शिवणाचा डबा उघडला. वर बटणं, रंगाप्रमाणे लावलेली. खाली हृदयाच्या गोळ्या. अनेक आठवड्यांच्या. एकही घेतलेली नाही.

मुलाला तार केली. तो पोचेपर्यंत नेरळच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या माणसांनी सगळं उरकलं होतं.

मामाला सांगायचं की नाही यावरून घरात दोन दिवस भांडण. शेवटी आईने सांगितलं. मामा भिंतीला टेकून बसला, आश्रमात पहाटे बसायचा तसा, आणि आम्हाला वाटलं, पुन्हा सुरू झालं की काय. मग तो म्हणाला, "त्याला कोणी विचारलं नाय?"

"नाही मामा."

"तो रोज मला विचारायचा. मी उत्तर देत नव्हतो, तरी विचारायचा. धोंड्या, आज धोंडा हलला का रं?" मग तो मोठ्याने रडला. त्याचं रडणं थांबवू नका, असं बाईंनी सांगितलं होतं. आम्ही थांबवलं नाही.

आता तुमच्याकडे

हे वाचून हळहळू नका. हळहळणारे मी खूप पाहिलेत, रांगेत फुलं घेऊन उभे होते.

तुमची आई, बाप, आत्या, काका, शेजारी, कोणीतरी अशा एखाद्या आश्रमात आहे. नसेल तर तुम्ही तिथे धान्य देता, वाढदिवसाला जेवण घालता, पंगतीत फिरून जिलबी वाढता. या रविवारी जा. जिलबी नेऊ नका. कचेरीत बसा आणि कार्यवाहांना एकच विचारा : तुमच्या इथल्या प्रत्येक माणसाला एकटं बसवून, जगावंसं वाटतं का, हे शेवटचं कधी विचारलं? तारीख सांगा. 'सगळे मजेत आहेत' हे उत्तर घेऊ नका. 'जे उदास दिसतात त्यांना विचारतो' हे तर मुळीच घेऊ नका. मी घेतलं होतं.

तारीख सांगता आली नाही तर उठा, आत जा, आणि जो सगळ्यात जास्त हसवतो त्याच्या खाटेवर बसून आधी त्याला विचारा.